‘वय झालं’ म्हणजे काय?

आमच्या वस्तीत एखाद्याच्या अंगावरून वारे गेले की दोन उत्तरे तयार असतात. माणूस म्हातारा असला तर ‘वय झालं’, आणि तरणा असला तर ‘बाहेरचं काहीतरी’. पहिले उत्तर शहाण्यासुरत्या माणसांचे समजले जाते, दुसरे अडाण्यांचे. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे दुसऱ्या उत्तराला हसणे हे मी माझे कर्तव्यच मानत आलो आणि पहिले मुकाट्याने स्वीकारत आलो. आता मला वाटते की या दोहोंत पहिले उत्तर अधिक घातक आहे. दुसऱ्याविरुद्ध आपण निदान बोलतो, व्याख्याने देतो. पहिल्याविरुद्ध कुणी चकार शब्द काढत नाही.

आमचे हिर्डोशी भोरहून वरंधा घाटाने महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या अंगाला. घाट उतरला की चवदार तळ्याचे महाड. पाऊस उदंड, भात आणि नाचणी हीच पिके, आणि अंगात ताकद आली की पोरांनी मुंबई-पुणे गाठायचे ही रीत. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, असेच मुंबईला गेले. तेथे हमाली केली, मग रात्रपाळीचे वॉचमन झाले, आणि टाळेबंदीत परत आले. २०२१ च्या भातलावणीत एका सकाळी चिखलातच त्यांचा उजवा पाय लुळा पडला. वाचा गेली.

त्याआधी पंधरा दिवस त्यांच्या हातून विडी आपोआप गळून पडली होती आणि अर्धा तास जीभ जड झाली होती. अर्ध्या तासाने सगळे पूर्ववत झाले. काकी म्हणाली, “रातची उतरली नसंल.” सगळे हसले. नाना पीत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होते, तरी हसले.

लावणीच्या दिवशी मला फोन आला तेव्हा मी काय बोललो ते लिहिणे भाग आहे. मी म्हणालो, “अशक्तपणा असेल, जरा झोपवा, थोडा वेळ बघा.” प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी असलेला माणूस हे बोलला. त्या थोड्या वेळात शेजारच्या वाडीतून कुणी कबूतर आणले, त्याचे रक्त पायाला चोळले, तेलाचे मर्दन झाले. गाडी मिळून भोर, आणि भोरहून पुणे पन्नास किलोमीटरच्या पुढे. आम्ही पोचलो तेव्हा नऊ तास उलटले होते. मेंदूच्या रोहिणीत अडकलेली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्त अडले की दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख मज्जापेशी मरतात असा हिशेब २००६ साली अमेरिकेतील एका मेंदूतज्ज्ञाने मांडला होता. मी तो नंतर वाचला.

त्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरने कागद पाहिला आणि म्हटले, “एकसष्ट वय आहे, या वयात असं होतंच.” तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. परंतु कागदावरचे एकसष्ट खोटे होते. मतदार यादीच्या वेळी कुणीतरी नानांचे पिकलेले केस पाहून अंदाजे वय लिहिले, आणि तेच पुढे प्रत्येक कार्डावर चढले. आजीचा हिशेब पक्का आहे. बहात्तरच्या दुष्काळात नाना तिच्या पोटात होते. तिचे माहेर पुरंदरकडे. तिथे ती पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मिलो आणि सुकडी खात होती. म्हणजे जन्म १९७३ चा. अर्धांग झाले तेव्हा नाना अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. ज्यांच्या जन्माची नोंद नाही त्यांच्या म्हातारपणाची नोंदही अशी अंदाजपंचे होते, आणि मग तोच अंदाज त्यांच्या आजाराचे कारण म्हणून सांगितला जातो.

मेंदूच्या फोटोत नानांच्या डाव्या बाजूची मधली रोहिणी सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंद दिसली. रक्तदाब १८०/११०, साखर २६८. डाव्या मेंदूत बहुतेकांच्या वाचेचे केंद्र असते आणि उजव्या अंगाचा ताबाही तोच ठेवतो. म्हणून वाचा आणि उजवे अंग एकदमच गेले.

आता ही रोहिणी म्हणजे काय ते नीट पाहू. गावात आपण सगळ्याच नळ्यांना नस म्हणतो. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि शिल्लक काही ठेवत नाही. गळ्यातून दोन मोठ्या आणि मानेच्या मणक्यांतून दोन लहान अशा चार रोहिण्या कवटीत शिरतात. मेंदूच्या बुडाशी त्या एकमेकींना जोडून एक कडे तयार करतात. त्यातून फुटणारी मधली रोहिणी जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीची. तिची रुंदी निम्मी झाली तर वाहण्याची जागा निम्मी राहत नाही, चौथाई राहते. सत्तर टक्के आकसली तर शंभरातली नऊ भाग जागा उरते. गणित शाळेतलेच आहे, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे.

लोकांची समजूत अशी की नळाला क्षार धरावा तशी चरबी आतून चिकटते. तसे नाही. रोहिणीची भिंत जिवंत असते. तिचे आतले अस्तर दुखावले की रक्तातले मेदाचे कण अस्तराखाली शिरतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, फुगतात, तिथेच मरतात, आणि भिंतीच्या आतच एक गाठ वाढू लागते. पाटाचा बांध आतून फुगत जावा आणि पाण्याची वाट चेपावी तसे. मग तीन तऱ्हेने घात होतो. गाठ फुटून तिच्यावर रक्त गोठते आणि तुकडा पुढे जाऊन अडकतो. किंवा तिथून निघणाऱ्या बारीक फाट्यांची तोंडेच गाठीखाली बुजतात. किंवा अडत काहीच नाही, पण प्रवाह इतका मंदावतो की टोकाला रक्त पोचत नाही. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. नानांची अर्ध्या तासाची जड जीभ ही अशा अरुंद रोहिणीने दिलेली आगाऊ सूचना होती. तासाभरात बरे वाटले म्हणून तिला झटका मानायचे नाही, ही चूक शिकलेल्या घरांतही होते.

मग वयाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. मृतदेहांच्या तपासणीतून असे दिसले आहे की हृदयाच्या आणि गळ्याच्या रोहिण्यांत या गाठी लवकर, तरुणपणीच सुरू होतात. कवटीच्या आतल्या रोहिण्या मात्र त्यांच्यापेक्षा बरीच वर्षे स्वच्छ राहतात. त्यांच्या भिंतीत एक जादा संरक्षण असते. मेदाचे कण रक्तातल्या रासायनिक क्रियांनी जणू गंजतात आणि तसे गंजलेले कणच भिंतीला अधिक बाधतात. हा गंज रोखणारे घटक मेंदूच्या रोहिण्यांत अधिक असतात. उतारवयात हे घटक घटतात आणि मग मागे राहिलेला रोग भराभर पुढे येतो. म्हणजे निसर्गाने मेंदूला काही वर्षांची सवलत दिलेली असते. प्रश्न असा आहे की ही सवलत कुणाच्या पदरात किती पडते आणि कोण ती हिरावून घेते.

हिरावून घेणाऱ्या गोष्टींना मिळून डॉक्टर चयापचयाचा बिघाड म्हणतात. खाल्लेल्या अन्नाचे शरीरात काय होते त्याचा हा कारभार. पोटाच्या आत, आतड्यांभोवती चरबी साठली की ती यकृताकडे मेद सोडत राहते. यकृत आणि स्नायू इन्शुलिनचे ऐकेनासे होतात. साखर चढते, रक्तातले वाईट मेद वाढते, चांगले मेद घटते, दाब वाढतो. वाढलेली साखर भिंतीतल्या प्रथिनांना चिकटून ती ताठ करते, आणि रोहिणी सैल ठेवणारा वायू तयार होणे कमी होते. पाच मापे घेतात. कमरेचा घेर भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटर आणि बाईत ८० वा त्याहून जास्त. उपाशीपोटी साखर १०० वा वर. रक्तदाब १३०/८५ वा वर. ट्रायग्लिसराइड नावाचा मेद १५० वा वर. चांगले कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली. पाचांपैकी तीन जुळली की बिघाड आहे असे धरायचे. औषधे चालू असतील तर ते मापही जुळले असेच मोजतात.

आणि येथे वयाचा प्रश्न उलटा होतो. सुमारे दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून २००२ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चाळीस ते सत्तरच्या दरम्यान वरचा रक्तदाब २० अंशांनी जास्त असेल तर पक्षाघाताने मरण्याचा धोका दुपटीहून अधिक असल्याचे आढळले. ऐंशीच्या पुढे हीच तफावत साधारण निम्म्यावर येते. मधुमेहाचेही तसेच. म्हाताऱ्यांत पक्षाघात संख्येने जास्त, हे खरेच. पण म्हाताऱ्यात वय आपले काम करीतच असते. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या मेंदूची रोहिणी अरुंद सापडली तर तिथे वयाला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही. तिथे बहुधा साखर, दाब, मेद आणि तंबाखू बोलत असतात.

वयाच्या नावावर वैद्यकशास्त्रानेही बराच काळ पावती फाडली आहे. वयात शंभर मिळवले की तेवढा रक्तदाब चालतो, असा ठोकताळा जुने डॉक्टर सांगत. अरुंद रोहिणीतून रक्त ढकलायला वाढलेला दाब आवश्यकच आहे, अशी समजूत होती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० होता, आणि तो कित्येक वर्षे चढत आलेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाची ही कथा. त्यानंतर १९४८ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला आणि हळूहळू हा भ्रम फिटला. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आदिवासी जवळजवळ मीठ खात नाहीत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ ठिकाणांच्या पाहणीत त्यांचा सरासरी दाब ९६/६१ भरला आणि वयाबरोबर तो चढतही नव्हता. वय वाढणे आणि दाब वाढणे ही एकच गोष्ट असती तर असे झाले नसते. लोणचे, सुकट आणि वरून मीठ घेणाऱ्या आमच्या ताटांकडे पाहून मला हे वारंवार आठवते.

आता कुणी म्हणेल, साखर हा तर खात्यापित्या घरचा, पोट सुटलेल्या शेठजींचा रोग. आमच्या हाडकुळ्या माणसांना तो कसा? या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्यातच सापडले आहे, ते आपल्या चळवळीतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवली. बायांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. बाळ लहान, हे तर कुणीही सांगितले असते. पण मापे घेता असे दिसले की आमच्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव फार उणे, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पोटातल्या उपासमारीत गर्भ मेंदू वाचवतो, चरबी वाचवतो आणि स्नायूंवर काटकसर करतो. साखर जाळण्याचे काम स्नायू करतात. त्यावरच काटकसर झाली की पुढे पोटभर अन्न मिळू लागताच शरीराचा हिशेब चुकतो.

हेच याज्ञिकांनी २००४ साली एका छायाचित्राने दाखवले. ते स्वतः आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. दोघेही सडपातळ. पण युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून जाड. मी आरशापुढे उभा राहून हे स्वतःवर पडताळून पाहिले. काड्यांसारखे हात, आणि शर्टाच्या आत लपणारे पोट. नानांचेही असेच होते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडले, तेव्हा जी बाळे पोटात होती ती मोठेपणी साखरेच्या बाबतीत अधिक बिघडलेली निघाली. आमचे बहात्तर त्याहून किती निराळे होते? फरक एवढाच की हॉलंडचा हिवाळा काही महिन्यांत संपला आणि तिथल्या जन्मनोंदी जपल्या गेल्या. आमच्याकडे उपास पिढ्यान् पिढ्या चालला आणि नोंद आजीच्या डोक्यात राहिली.

म्हणून ‘भारतीयांचे रक्तच असे’ किंवा ‘अमुक वंशात हे असते’ अशी विधाने ऐकली की मी सावध होतो. जगात असे दिसते की कवटीच्या आतल्या रोहिण्या अरुंद होण्याचा रोग आशियाई, काळे आणि लॅटिन अमेरिकी लोकांत गोऱ्यांपेक्षा बराच जास्त. अमेरिकेत पक्षाघातांपैकी दहातला सुमारे एक यामुळे होतो, चीनमध्ये तिसरा हिस्सा ते निम्मे. गोऱ्यांच्या रोहिण्या अधिक करून गळ्यात अरुंद होतात. याला वंश म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटन भागातला अभ्यास १९९५ साली आला. त्यात काळ्या आणि लॅटिन लोकांतले हे जादा प्रमाण बऱ्याच अंशी त्यांच्यातल्या मधुमेहासारख्या कारणांनी समजावून देता येते असे निघाले. आनुवंशिकतेचा वाटा मी नाकारीत नाही, प्राणिशास्त्राच्या माणसाने तो नाकारू नये. पण वंश म्हणून जे दाखवले जाते त्याच्या आत पुष्कळदा कुणाला काय खायला मिळाले याचा इतिहास दडलेला असतो. हे आपण नाही ओळखायचे तर कुणी?

आणि आज काय खायला मिळते तेही पाहा. हिर्डोशीच्या वस्तीत नाचणी मागे पडली. रेशनचा तांदूळ-गहू आला, त्याने भूक भागते हे मान्य. डाळ आठवड्यातून मोजकी. दिवसातून सहा-सात वेळा गोड चहा, त्यासोबत बिस्किटे, बायांची मिश्री, पुरुषांची तंबाखू. नीरेचे पाणी आमच्या डोळ्यांदेखत खाली जाते, कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला मिळते, आणि साखर होऊन आमच्या कपात परत येते. हे विनोदाने लिहिले तरी विनोद नाही. पूर्वी हीच माणसे डोंगर चढून लाकूड आणत होती, दिवसभर ढेकळे फोडत होती. आता वॉचमनच्या खुर्चीवर बारा तास बसून चहावर रात्र काढतात. मी वर्गात बसून काढतो. पगार लागला तसा माझा घेर वाढला.

खेड्यात हा रोग दुर्मीळ आहे अशी कुणाची समजूत असेल तर गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ खेड्यांतल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे निघाले, म्हणजे सातातला एक. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण तेच होते. आणि पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसे घरीच मेली. गडचिरोली, जिथे कुपोषण आणि मलेरियाच्या पलीकडे कुणी आजार शोधत नव्हते! त्या २२९ पैकी कितीजणांच्या घरी ‘वय झालं’ म्हटले गेले असेल याची कल्पना मला करता येते.

सगळ्याच अरुंद रोहिण्या झटका देत नाहीत. काही हळूहळू बुद्धी खातात. चालणे अडखळते, विसरभोळेपणा येतो, माणूस चिडतो वा गप्प बसतो. त्यालाही आपण म्हातारचळ म्हणून हसतो.

नानांच्या बाबतीत एक प्रश्न लगेच उभा राहिला. ओळखीतल्या एकाने सुचवले की मेंदूच्या नसेत स्प्रिंग बसवून घ्या, खर्च होईल पण माणूस वाचेल. काकी म्हणाली, “वरचं खाचर गहाण टाकू. पुढं बघू.” वतन गेल्यावर आजोबांनी हातापाया पडून सोडवलेले ते खाचर. मी आठवडाभर वाचत बसलो, डॉक्टरांना विचारत राहिलो. हृदयाला स्प्रिंग लागू पडते म्हणून मेंदूलाही पडेल असे आम्हाला वाटत होते. पण अमेरिकेत ४५१ रुग्णांवर नेमका हाच प्रयोग झाला होता. सगळ्यांच्या मेंदूची रोहिणी ७० ते ९९ टक्के अरुंद. निम्म्यांना औषधांबरोबर स्प्रिंग, निम्म्यांना केवळ कसून औषधे. तीस दिवसांत स्प्रिंगवाल्यांपैकी १४.७ टक्क्यांना पुन्हा झटका वा मृत्यू, केवळ औषधवाल्यांपैकी ५.८ टक्क्यांना. २०११ साली प्रयोग मध्येच थांबवावा लागला. निवडक रुग्णांत डॉक्टर आजही स्प्रिंगचा विचार करतात. पण पहिला इलाज म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, दाबाची आणि साखरेची औषधे, तंबाखू बंद आणि रोजचे चालणे. नानांच्या डॉक्टरांनीही हेच सांगितले. खाचर वाचले. नाना आता काठीवर चालतात. वाचा अर्धी आली आहे, आणि चिडले की शब्द अडतो.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. झटका आला की घरातली ॲस्पिरीन माणसाच्या तोंडात कोंबायची नाही. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे फोटोवाचून कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करते. तोंड वाकडे, हात खाली पडतो, बोलणे बोबडे, यातले एकही दिसले की १०८ ला फोन करायचा, लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवायची, आणि जेथे मेंदूचा फोटो निघतो तेथेच न्यायचे. मधल्या चार दारांत वेळ जातो.

आपल्या चळवळीने शिक्षण घेतले, सत्ता मागितली. आरोग्य मात्र आपण दानशूरांवर सोडले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले, त्यांचा आवेश घेतला. त्याच सुमारास ते लोक काळ्यांच्या वस्त्यांत मोफत दवाखाने चालवत होते, सिकल सेलच्या तपासण्या करत होते, हे आपण फारसे घेतले नाही. स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या वेदनांनी त्यांची अखेरची वर्षे पोखरली, आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते गेले. घराघरांत त्यांची तसबीर आहे. त्या तसबिरीखाली बसून आपण त्यांच्या आजाराविषयी कधी बोलत नाही, जणू त्याने त्यांची थोरवी कमी होईल.

गेल्या बुद्धपौर्णिमेला आम्ही वस्तीत विहाराच्या ओट्यावर मापे घेतली. दाबाचे यंत्र एक, शिंप्याची टेप एक, माझे दोन विद्यार्थी आणि आशाताई. तिशीवरच्या प्रत्येकाची साखर आणि दाब सरकारी उपकेंद्रात फुकट तपासण्याची योजना आहेच, पण तिथे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. बायांनी कमरेला टेप लावू देण्यास साफ नकार दिला. मग आशाताईंनी आत खोलीत माप घेतले. पुरुषांना घेर म्हणजे पँटचा नंबर वाटत होता. तो बेंबीवर मोजायचा म्हटल्यावर बरेच जण श्वास ओढून उभे राहिले. यंत्रावर दमून आलेल्या माणसाचा दाब खोटा चढतो म्हणून पाच मिनिटे बसवायचे, तर तेवढा वेळ कुणी बसेना. हे सगळे शिकण्यात सकाळ गेली.

माझा घेर ९४ निघाला. नंतर तालुक्याला रक्त दिले. उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड २१०. पाचांपैकी तीन, आणि वय छत्तीस. विद्यार्थ्यांसमोर मी हे मोठ्याने वाचून दाखवले, कारण इतरांचे वाचून दाखवायचे आणि आपले खिशात ठेवायचे हे बरे दिसले नसते.

काकीचा दाब १६४/१०० निघाला. पाच मिनिटांनी पुन्हा घेतला, १६२. उपकेंद्रातून गोळ्या मिळाल्या. त्या महिन्याच्या असतात, आणि लावणीच्या दिवसांत वस्तीतले कुणी चिखल सोडून गोळ्या आणायला जात नाही. नानांच्या गोळ्या मुंबईत अशाच सुटल्या होत्या. बरे वाटतेय म्हणून आठ दिवस, मग कायमच्या. म्हणून लावणीआधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात असा अर्ज आम्ही ग्रामसभेसाठी लिहिला आहे. त्यावर एकोणीस सह्या आणि अकरा अंगठे झाले आहेत. नानांनी डाव्या हाताने सही केली.